घोड्यांची ट्रामवे: रूळ गेले तरी मागे काय उरतं आणि ते मोबाइलवर कसं शोधायचं?

थोडक्यात

- इंजिन परवडत नव्हतं किंवा रुळांना झेपत नव्हतं, तिथे रुळांवरच्या गाड्या घोडे, खेचरं किंवा बैल ओढायचे. अशा हलक्या मार्गाला ट्रामवे म्हणतात.
- रूळ उखडले की मार्ग संपला, असं होत नाही. भराव, मोऱ्या, वळणं, जमिनीच्या हद्दी आणि गावातली नावं पुढे कित्येक दशकं टिकतात.
- कौंडण्यपूरजवळ, वर्धा नदीच्या पलीकडे, पुलगाव–आर्वी हा कापसासाठी टाकलेला अरुंद मार्ग आहे. तो वाफेच्या इंजिनाचा होता, घोड्यांचा नव्हे. दोन्हींतला फरक खुणांवरून ओळखता येतो.
- सॅटेलाइट नकाशा, जुना नकाशा आणि मोजपट्टी एवढ्यावर बरंच काम होतं.

## घोड्यांची ट्रामवे म्हणजे नेमकं काय?

ट्राम म्हटलं की शहरातल्या रस्त्यावरून जाणारी विजेची गाडी आठवते. पण ट्रामवेची सुरुवात झाली ती खाणीत आणि दगडाच्या खदानीत. जड माल नदीपर्यंत, कालव्यापर्यंत किंवा बंदरापर्यंत न्यायचा, तर चिखलाच्या रस्त्यावर बैलगाडी रुतायची. म्हणून चाकांखाली आधी लाकडाच्या आणि मग लोखंडाच्या पट्ट्या टाकल्या गेल्या. ओढायला घोडा. वाफेचं इंजिन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं.

याचं सगळ्यात टिकाऊ उदाहरण इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळावर आहे. 1820 मध्ये सुरू झालेल्या हेटॉर ट्रामवेचे रूळ लोखंडाचे नव्हतेच. ग्रॅनाइटच्या लांब दगडांना खाच पाडून त्यातून चाकं नेली होती. खदानीतला ग्रॅनाइट खाली कालव्यापर्यंत जायचा. भरलेले डबे उताराने खाली यायचे आणि रिकामे डबे घोडे परत वर ओढायचे. हा मार्ग बंद पडून दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी ते दगडी रूळ अजून गवतात पडलेले दिसतात. दगड भंगारात विकला जात नाही, म्हणून ते वाचले.

हा मुद्दा लक्षात ठेवा. ज्याला भंगारात किंमत असते ते आधी जातं, ज्याला नसते ते मागे उरतं. लोखंडी रूळ, फिशप्लेट, खिळे पहिल्यांदा गायब होतात. माती, दगड आणि नाव राहतं. म्हणून फक्त रूळ शोधत गेलात तर बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत याल.

## रुळावर घोडा जास्त ओझं का ओढतो?

एक सोपं गणित करू. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज यायला पुरेसे आहेत.

साधारण 500 किलोचा घोडा दिवसभर काम करायचा असेल तर आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे 50 किलोची ओढ सलग देऊ शकतो.

- कच्चा रस्ता: 1 टन ओझं हलतं ठेवायला साधारण 50 किलो ओढ लागते. म्हणजे एका घोड्याला 1 टन.
- सपाट रूळ: जुन्या पद्धतीच्या डब्याला 1 टनामागे साधारण 10 किलो ओढ पुरते. म्हणजे त्याच घोड्याला 5 टन.

आजच्या कापसाच्या गाठीच्या हिशोबात बघा. एक गाठ 170 किलोची. 5 टनांतून डब्याचं वजन दीड टन काढलं, तरी एका घोड्यामागे 20 गाठी निघतात. लोखंडाचं चाक लोखंडाच्या रुळावर जवळजवळ दबत नाही, म्हणून रोध कमी होतो. सगळी जादू एवढीच.

आता चढ घ्या. 100 मीटरला 1 मीटर चढ म्हणजे डोळ्याला जवळपास सपाटच. पण त्या चढावर 1 टनामागे आणखी 10 किलो ओढ लागते. 10 चे 20 झाले. घोडा तोच, ओझं मात्र 5 टनांवरून थेट अडीच टनांवर आलं.

म्हणूनच ट्रामवे टाकणारा माणूस चढाला घाबरायचा. खोलगट जागी भराव घालायचा, उंचवटा कापायचा, टेकडीला वळसा घालायचा. पायवाट किंवा बैलगाडीची वाट असं करत नाही, ती सरळ चढते आणि उतरते. रूळ नसतानाही जमिनीवर जुना मार्ग ओळखू येतो, त्याचं कारण हेच गणित आहे. जमीन वर-खाली होते आणि मार्ग मात्र आपली पातळी सोडत नाही.

## आपल्याकडची उदाहरणं

डभोई–मियागाम, 1862. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांच्या राज्यात टाकलेला हा मार्ग भारतातल्या अरुंद रेल्वेची सुरुवात मानला जातो. लांबी साधारण 32 किलोमीटर, रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. गाडी बैल ओढायचे. रूळ इतके हलके होते की एका यार्डाचं वजन 13 पौंड, म्हणजे मीटरला साडेसहा किलोसुद्धा नाही. आजच्या मुख्य मार्गांवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो! लवकरच इंजिनं मागवली गेली, पण रुळांना ती झेपली नाहीत आणि काम पुन्हा बैलांकडेच आलं. 1870 च्या दशकात जड रूळ टाकले गेले आणि त्यानंतर पुढे इंजिनं नियमित धावू लागली. बैलांच्या काळातले रूळ तेव्हाच गेले. मार्ग आणि अडीच फुटांचं माप तेवढं पुढे चालू राहिलं.

मुंबई, 1874. 9 मे 1874 रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी असे सुरुवातीचे मार्ग होते. घोडे 1905 पर्यंत राहिले, 1907 मध्ये विजेची ट्राम आली आणि 31 मार्च 1964 ला तीही थांबली. खुणा मात्र अधूनमधून वर येतात. 2017 च्या सुमारास फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी डांबराखालून ट्रामचे रूळ निघाले. आणि एक खूण तर रोज हजारो लोकांच्या तोंडात असते: दादर टी. टी. त्यातलं टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ते नाव विजेच्या ट्रामच्या काळातलं. ट्राम बंद होऊन साठ वर्षं झाली, पण टॅक्सीवाल्याला टी. टी. म्हटलं की पत्ता कळतो.

नाशिक, 1889. नाशिक रोड स्टेशन गावापासून बरंच दूर. म्हणून स्टेशन ते मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत 8 ते 10 किलोमीटरची ट्राम टाकली गेली. गेज पुन्हा 762 मिलिमीटर आणि ओढायला चार घोडे. पुढे पेट्रोल इंजिनही आलं. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांनी तोटा वाढत गेला आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. या कामात सल्लागार होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. याच इंजिनिअरने नंतर 1897 मध्ये बार्शी लाइट रेल्वे उभी केली. तिचं गेजही 762, पण रूळ यार्डाला 30 पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण 15 किलोचे, आणि गाडी वाफेची.

बैल, घोडा, मग वाफ. तिन्हींत गेजचं माप एकच आहे. याच मापाची पुढची कडी वऱ्हाडात येते.

## कौंडण्यपूरच्या पलीकडे: पुलगाव–आर्वी

कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात, वर्धेच्या काठावर. रुक्मिणीचं माहेर म्हणून सगळ्यांना माहीत. इथल्या टेकाडांवर 1960 च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि हजारो वर्षांच्या वस्तीचे थर उघडे केले. नदी ओलांडून काही किलोमीटरवर वर्धा जिल्ह्यातलं आर्वी लागतं. तिथून दक्षिणेला पुलगावपर्यंत 35 किलोमीटरचा अरुंद मार्ग आहे. माप तेच, 762 मिलिमीटर.

तो आला कापसासाठी. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे लक्ष गेलं. मोठी रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. पण कापसाची बाजारपेठ आणि स्टेशन यांच्यातलं अंतर बैलगाडीनेच तोडावं लागायचं. मग फाटे निघाले. खामगावचा फाटा 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, पुढच्या वर्षी बडनेरा–अमरावती. हे फाटे मोठ्या गेजचे होते. त्याहून आत जायचं तर खर्च परवडेना. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वेने अरुंद गेज टाकलं: मूर्तिजापूर–अचलपूर, मूर्तिजापूर–यवतमाळ आणि पुलगाव–आर्वी. यातल्या मूर्तिजापूरच्या दोन मार्गांना लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणतात. तिचं मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत काम करत होतं. 15 एप्रिल 1994 पासून डिझेल आलं.

या मार्गांवरच्या गाड्या आता थांबल्या आहेत. म्हणजे नाशिकच्या ट्रामचं जे नव्वद वर्षांपूर्वी झालं, ते वऱ्हाडात आपल्या डोळ्यांसमोर घडतंय. मार्ग मोडताना काय आधी जातं आणि काय उरतं, हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

## कोणत्या खुणा बघायच्या?

1. भराव आणि खोदाव. शेतातून जाणारा सलग, एकाच पातळीचा मातीचा पट्टा. वऱ्हाडात तो ओळखणं सोपं जातं, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर रूळ टिकत नाहीत, म्हणून खाली मुरूम आणि वर खडी टाकावी लागते. काळ्या शेतात मुरमाची फिकी रेघ लांबून दिसते.

2. मोऱ्या आणि पुलाचे खांब. भरावाखालून पाणी जायला दगडी किंवा विटांच्या लहान मोऱ्या बांधलेल्या असतात. शेतात मधेच एकटी मोरी उभी असेल आणि तिच्यावरून आज कुठलाच रस्ता जात नसेल, तर ती पक्की खूण.

3. वळणाचा आकार. रेल्वेचं वळण लांब, गोलसर आणि एकसारखं असतं. पांदण रस्ता शेताच्या बांधाला धरून काटकोनात वळतो.

4. जमिनीच्या हद्दी. मार्गासाठी घेतलेली पट्टी सातबाऱ्यावर आणि गाव नकाशावर वेगळी दाखवलेली असते. रूळ गेले तरी हद्द राहते. त्यामुळे घरांच्या किंवा शेतांच्या रांगा उगीचच तिरप्या दिसतात.

5. झाडं. नांगर न लागलेल्या पट्टीवर बाभळी माजतात. सपाट शेतांत झाडांची एक लांब वाकडी रांग दिसली, तर थांबून बघा.

6. रुळाचा पुनर्वापर. जुना रूळ कुंपणाचा खांब, गोठ्याचा आडवा किंवा नाल्यावरची तुळई होतो. रुळाच्या उभ्या बाजूवर बऱ्याचदा उठावाची अक्षरं असतात: कारखान्याचं नाव, साल आणि वजन. ही अक्षरं म्हणजे रुळाचा जन्मदाखलाच. पण खांब झालेला रूळ दुसरीकडून आणलेलाही असू शकतो, हे विसरू नका.

7. नावं. टी. टी., ट्राम नाका, जुनं स्टेशन, लाइनपार. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना नकाशात नसलेली नावं माहीत असतात.

## घोडा होता की इंजिन?

इथे गोंधळ बराच होतो. अरुंद रूळ दिसले की घोड्यांची ट्राम होती, असं कुणीतरी ठोकून देतं आणि तेच पुढे फॉरवर्ड होत राहतं. तपासायला चार प्रश्न विचारा.

- रुळांच्या मधे काय आहे? जनावर रुळांच्या मधून चालतं. उघड्या स्लीपरवर त्याचा पाय अडखळतो, म्हणून तिथे माती-मुरूम भरून किंवा दगड बसवून चालायची वाट केलेली असते. इंजिनाच्या मार्गावर स्लीपर उघडे चालतात.
- पाणी कुठे आहे? वाफेच्या इंजिनाला उंचावरची टाकी लागते. जनावराला जमिनीलगत हौद लागतो. मुंबईतल्या जुन्या प्याऊंना असे हौद दिसतात, पण ते टांग्याच्या घोड्यांसाठी आणि बैलांसाठीही होते. एकट्या हौदावरून निष्कर्ष काढू नका.
- थांबा कशासाठी? घोडे दमतात, म्हणून मधे जोड्या बदलायला तबेला लागतो. इंजिनाच्या मार्गावर कोळशाची राख, शेड आणि इंजिन फिरवायची जागा सापडते.
- रूळ किती जड? मीटरला सहा-सात किलोचा रूळ जनावराकडे बोट दाखवतो. पंधरा किलो आणि वर असेल, तर बहुधा इंजिन.

आर्वीच्या मार्गाला हे प्रश्न लावले तर उत्तर स्पष्टपणे इंजिनाच्या बाजूने जातं.

कारखान्यांच्या ट्रामवेत आणखी एक प्रकार होता. फ्रान्समध्ये पॉल देकोविल यांनी 1870 च्या दशकात शेतातलं बीट वाहण्यासाठी जुळलेल्या तुकड्यांचे रूळ काढले. लोखंडी शिडीसारखा तुकडा उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा, जोडायचा. डबे माणसं किंवा जनावरं ढकलायची, ओढायची. हे तुकडे जगभर उसाच्या मळ्यांत, खाणींत आणि बांधकामांवर गेले. त्यांना भरावच नसतो, म्हणून त्यांची जमिनीवरची खूण एका नांगरटीत पुसली जाते.

## मोबाइलवर कसं शोधायचं?

पायरी 1: दोन टोकं पक्की करा. उदाहरणार्थ पुलगाव आणि आर्वी. गूगल मॅप्समध्ये सॅटेलाइट थर लावा. उत्तर दिशा वर ठेवा, म्हणजे फिरवताना गोंधळ होणार नाही.

पायरी 2: रेघ धरा. एका टोकापासून लांब, मऊ वळणांची रेघ धरून पुढे सरका. गावात ती हरवते. तेव्हा गाव ओलांडून पलीकडे त्याच दिशेत शोधा.

पायरी 3: काळ बदला. गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघायची सोय आहे. एप्रिल-मेमधलं चित्र निवडा. कापूस-तूर निघून शेतं मोकळी असतात, मुरमाची रेघ उठून दिसते. पावसाळ्यानंतरच्या चित्रात उलट फायदा होतो: भरावावर ओल कमी टिकते, त्यामुळे तिथली हिरवाई वेगळी दिसते.

पायरी 4: जुन्या नकाशाशी ताडा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर अरुंद रेल्वे, भराव, खोदाव आणि मोऱ्या वेगवेगळ्या चिन्हांनी दाखवलेल्या असतात. ओपनस्ट्रीटमॅपवरही वापरात नसलेले रूळ, रूळ उखडलेला मार्ग आणि पूर्ण पुसला गेलेला मार्ग अशा वेगळ्या नोंदी करता येतात.

पायरी 5: कालवा नाही ना, हे तपासा. कालव्याचा भरावही लांब आणि गोलसर असतो. पण कालवा जमिनीच्या समपातळी रेषेला धरून नागमोडी जातो आणि त्याला दोन काठ असतात. रेल्वे नाला सरळ ओलांडते.

पायरी 6: जागेवर मोजा. रूळ शिल्लक असतील तर दोन्ही रुळांच्या डोक्यांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. 762 मिलिमीटर म्हणजे अरुंद, 1000 म्हणजे मीटर गेज, 1676 म्हणजे ब्रॉडगेज. कॅमेऱ्यातल्या मोजपट्टीच्या ॲपपेक्षा दहा रुपयांची शिंप्याची टेप जास्त खरी.

पायरी 7: फोटो नीट घ्या. कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवा. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचं जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत अचूक असतं. एक फोटो लांबून, एक जवळून आणि एक शेजारी पट्टी ठेवून घ्या. कॅप्शनमध्ये दिनांक आणि दिशा लिहा.

## जाताना हे सांभाळा

- गाड्या बंद असल्या तरी जमीन आणि रूळ मोकळे झाले असं समजू नका. रेल्वेचा माल उचलणं हा 1966 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. खिळासुद्धा आठवण म्हणून आणू नका.
- पुलगावला लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे. त्या बाजूला ड्रोन आणि कॅमेरा दूर ठेवा.
- शेतातून जायचं तर मालकाला विचारा. बहुतेक वेळा तोच तुम्हाला मोरी कुठे आहे ते दाखवेल.
- जुन्या पुलावर चढू नका. लाकडी स्लीपर वरून धड दिसतात, पण आतून कुजलेले असतात.

## नोंद आत्ताच का करायची?

वऱ्हाडातले हे मार्ग ब्रॉडगेज व्हावेत ही जुनी मागणी आहे आणि ती रास्तच आहे. आर्वीच्या पोराला कॉलेजला जायला आणि शेतकऱ्याला माल पाठवायला गाडी हवीच. पण ब्रॉडगेजचं काम सुरू झालं की पहिला बुलडोझर जुन्या भरावावरच चढतो, कारण सपाट, सलग जागा तिथे आधीपासून तयार असते. जिथे ब्रॉडगेज येत नाही, तिथे खडी रस्त्याला जाते आणि पट्टी शेतात मिसळते. दोन्हीकडे जुनी खूण पुसलीच जाते.

कौंडण्यपूरच्या टेकाडातले थर मातीखाली सुरक्षित राहिले, म्हणून दोन-अडीच हजार वर्षांनी वाचता आले. रेल्वेचा भराव उघड्यावर आहे. त्याला तेवढा वेळ मिळणार नाही. कोणत्या गावाचा कापूस कोणत्या थांब्यावर यायचा, मोरी कुठल्या दगडाची होती, रुळावर कोणतं साल होतं, हे आज तुमच्या फोनमधल्या वीस फोटोंत मावतं. फोटो काढा, लोकेशनसह जपून ठेवा आणि गावच्या शाळेला किंवा ग्रंथालयाला त्याची एक प्रत द्या.